मोटारसायकल-स्कूटर तुलना

दुचाकी कोणती घ्यावी, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांवर सोपवावा, असा एक अलिखित संकेत आहे. कविता, कादंबरी आणि समीक्षा यांच्या शेजारी टायरचा आकार आणि पेट्रोलचा हिशेब शोभत नाही, असे मानले जाते. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरातली सोळा वर्षांची जुनी मोटारसायकल बदलायची वेळ आली, तेव्हा तिच्या जागी काय आणावे याची चर्चा तीन महिने चालली. त्या चर्चेत भाषेचा, पेहरावाचा आणि घरातल्या अधिकारांचा जेवढा विचार करावा लागला, तेवढा अलीकडे कोणत्याही चर्चासत्रात आमच्याकडून झालेला नाही. म्हणून हे लेखन.

आम्ही दोघे पतिपत्नी, दोघेही मराठीचे अध्यापक, राहणार बुलढाण्यात. ज्यांनी हा जिल्हा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एक खुलासा करायला हवा. इथे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन प्रदेश आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून जातो. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बुलढाण्याला रेल्वे नाही. त्यामुळे रोजचे जाणे-येणे एस.टी.च्या नाहीतर स्वतःच्या दुचाकीच्या भरवशावर. आमच्यापैकी एकाचे महाविद्यालय घाटावरच, घरापासून पाचेक किलोमीटरवर; एकीचे राजूर घाट उतरून मोताळ्याच्या बाजूला. सोळा वर्षे व्यवस्था अशी होती, की एकाने गाडी काढायची, एकीने मागे बसून स्थानकापर्यंत जायचे आणि पुढे एस.टी.ची वाट पाहायची. जिचा प्रवास लांबचा तिच्याकडे गाडी नव्हती, आणि ज्याचा जवळचा त्याच्याकडे होती. ही विसंगती आम्हा दोघांनाही इतकी अंगवळणी पडली होती, की ती विसंगती आहे हेच जाणवत नव्हते.

व्याकरणदृष्ट्या पाहिले तर मराठीत सगळ्या दुचाक्या स्त्रीलिंगी आहेत. ती सायकल, ती फटफटी, ती मोटारसायकल, ती स्कूटर, ती लूना. इतकेच काय, ती बुलेटसुद्धा. रस्त्यावर मात्र त्यांची विभागणी वेगळी होते. आमच्या भागात ‘गाडी’ म्हटले की मोटारसायकल समजायची. बाकी सगळ्या बिनगिअरच्या वाहनांना, कंपनी कोणतीही असो, ‘स्कुटी’ म्हणायचे. १९९० च्या दशकात बाजारात आलेल्या एका कंपनीच्या गाडीचे नाव पुढे जातिवाचक नाम झाले. त्या शब्दात एक लाडिक उणेपणा आहे. ‘गाडी’ पुरुषाची आणि ‘स्कुटी’ बायकामुलींची, हा भेद त्या एका शब्दात पक्का बसला आहे.

हा भेद जुना आहे असे मात्र समजू नये. १९७२ साली बजाजची ‘चेतक’ आली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेतलेली ही स्कूटर पुढची दोन दशके कुटुंबप्रमुखाचे वाहन होती. ती मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत, आणि वरपक्षाच्या मागण्यांच्या यादीतही तिला मानाचे स्थान असे. चालवणारा पुरुष, मागे पत्नी, पुढे पायदानावर उभे मूल हे तिचे ठरलेले चित्र. त्याच १९७२ मध्ये आलेली पायडलची लूना अनेक शिक्षिका-परिचारिकांनी वापरली. पण चेतकचे हँडल फारसे बायकांच्या हाती आले नाही, कारण डाव्या मुठीतले गिअर आणि किक. १९८४ मध्ये कायनेटिक होंडाने गिअर काढून टाकले, बटणावर सुरू होण्याची सोय केली. २००१ मध्ये होंडाची ‘अॅक्टिव्हा’ आली आणि स्त्रिया मोठ्या संख्येने स्कूटर चालवू लागल्या. दरम्यान पुरुष मोटारसायकलीकडे वळले होते. म्हणजे स्कूटर मुळात ‘बायकी’ नव्हती. बायका ती चालवू लागल्यावर ती तशी ठरली. एखादा वाङ्मयप्रकार स्त्रिया हाताळू लागल्या की समीक्षेच्या लेखी त्याचे वजन कसे घटते, हे ठाऊक असलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

आता यंत्राच्या बांध्याकडे पाहू. मोटारसायकलीत बसणाऱ्याच्या पुढ्यात टाकी असते. पाय टाकून तिच्यावर स्वार व्हावे लागते. स्कूटरचा बांधा वेगळ्या विचारातून आला. १९४६ साली इटलीत ‘वेस्पा’ घडवणारे कोर्रादिनो दास्कानिओ हे विमानांचे अभियंते होते आणि त्यांना मोटारसायकल आवडत नसे. त्यांनी इंजिन मागे नेऊन झाकले आणि पुढची जागा मोकळी सोडली, म्हणजे कपडे मळू नयेत आणि पाय न उचलता बसता यावे. ती मोकळी जागा, आपल्या बोलीत पायदान, हाच या दोन वाहनांमधला खरा फरक.

त्याचा अर्थ आम्हाला एका नियमामुळे अधिक उमगला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२३ असे सांगतो, की मोटारसायकलीवर मागे बसणाऱ्यासाठी पकडायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकात कपडे अडकू नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आच्छादन असले पाहिजे. बाजारात त्याला ‘साडीगार्ड’ म्हणतात. नियम आवश्यकच आहे, त्याने असंख्य अपघात टळले असतील. तरी त्यातले गृहीतक पाहण्याजोगे आहे. मोटारसायकलीच्या विश्वात साडीची जागा मागच्या सीटवर. तिचे रक्षण करायचे ते तिथेच. साडी पुढे बसू शकते, ही शक्यता पायदानाने निर्माण केली. पंजाबी ड्रेस घालून मोटारसायकल चालवता येते, आमच्या काही विद्यार्थिनी चालवतातही. पण ज्यांचे रोजचे वस्त्र साडी आहे त्यांना त्या उदाहरणाचा उपयोग नाही.

असे असले तरी मोटारसायकलीची बाजू दुबळी नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. शंभर सीसीच्या गाडीची चाके अठरा इंची, स्कूटरची दहा किंवा बारा इंची. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर मोठे चाक खड्डा ओलांडते, लहान चाक त्यात उतरते. काळ्या मातीचा चिखल लहान चाकाला अधिक छळतो. राजूर घाट उतरताना मोटारसायकलीला खालच्या गिअरमध्ये आणून इंजिनाच्या जोरावरच वेग धरून ठेवता येतो. बिनगिअरच्या स्कूटरला हा आधार कमी, तिथे सगळा भार ब्रेकवर. अॅव्हरेज मोटारसायकलीचे जास्त, टाकी मोठी, आणि खेड्यातला कोणताही मिस्त्री तिला डोळे मिटून खोलतो. विजेवरच्या स्कूटरचाही विचार झाला. चेतक हे नाव २०२० पासून त्याच रूपात परतले आहे. पण घाट चढून परतताना चार्जिंगची चिंता नको, म्हणून तो विचार मागे पडला. कागदावर दोन रकाने केले तर मोटारसायकलीचा रकाना लांब होत होता.

निर्णय झाला तो एका रात्रीमुळे. आमच्यापैकी एक मूल्यांकनाच्या कामासाठी अमरावतीला गेलेला असताना घरी आईंना अकराच्या सुमारास धाप लागली. मोटारसायकल अंगणात उभी, किल्ली खिळ्याला, टाकीत पेट्रोल; आणि घरात तिचा उपयोग करू शकेल असे कोणी नाही. शेजारच्या मुलाला उठवावे लागले. तो धावत आला, पण मोटारसायकलीवर पाय टाकून बसणे आईंच्या गुडघ्यांना शक्य नव्हते. अखेर ऑटोरिक्षा मिळेपर्यंत पाऊण तास गेला. आई बऱ्या झाल्या. त्या पाऊण तासाचा हिशेब मात्र अॅव्हरेजच्या रकान्यात बसेना. अमरावतीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही तो कागद बाजूला ठेवला. घरातली गाडी किती किलोमीटर पळते हा प्रश्न दुय्यम आहे. घरातल्या किती जणांना ती चालवता येते आणि किती जणांना तिच्यावर बसता येते, हा पहिला.

या संदर्भात ताराबाई शिंदे यांची आठवण होणे अपरिहार्य होते. याच बुलढाण्याच्या ताराबाईंचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण केल्यानंतर तो पुन्हा अभ्यासकांसमोर आला, आणि आज आम्ही तो वर्गात शिकवतो. स्त्रीच्या स्वभावाचे म्हणून सांगितले जाणारे दोष त्यांनी एकेक करून उचलले आणि ते पुरुषांत किती भरले आहेत हे दाखवून दिले. ‘बायकांना गाडी नीट चालवता येत नाही’ हे विधान त्याच जातीचे आहे. यंत्र एका शरीराच्या आणि एका पेहरावाच्या मापाने घडवायचे, आणि ते दुसऱ्याला जमले नाही की त्याला स्वभावदोष म्हणायचे! हा निबंध शिकवणाऱ्यांच्या घरात सोळा वर्षे हँडल एकाच हातात होते, ही गोष्ट ताराबाईंच्या गावात राहून फार काळ दृष्टीआड ठेवता येण्यासारखी नव्हती.

आम्ही स्कूटर घेतली. घाटात ती सावकाश उतरवावी लागते. वळणाआधीच वेग कमी करायचा, दोन्ही ब्रेक हलके धरायचे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाक्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा एबीएस सक्तीचे झाले, त्याचा इथे उपयोग होतो. पेट्रोलचा खर्च वाढला आहे, पंपावर फेऱ्याही वाढल्या आहेत. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे डिक्कीत कोरडे राहतात. सोमवार ते शुक्रवार ती घाटाखाली जाते. घाटावरचा अध्यापक आता सायकलने महाविद्यालयात जातो.

रविवारी आईंचा दवाखाना किंवा बाजार. बाजाराला दोघे निघालो की जिचा हात आता अधिक सरावला आहे ती पुढे बसते. पहिल्या आठवड्यात चौकातल्या पानटपरीवरून ‘सर मागं बसले!’ असा उद्गार ऐकू आला. त्यात कुचेष्टा कमी आणि कुतूहल जास्त होते. ‘मॅडम मागं बसल्या’ असे सोळा वर्षांत कोणी म्हटले नव्हते. ते सांगण्याजोगे कोणाला वाटलेच नव्हते. आता तीही बातमी राहिलेली नाही. परवा त्याच टपरीवाल्याने आम्हाला थांबवून विचारले, की त्याच्या मुलीला बारावीनंतर चिखलीला जायचे आहे, तर तिला कोणती गाडी घ्यावी. आम्ही त्याला दोन्हीकडचे सगळे गुणदोष सांगितले, आणि शेवटी एवढेच म्हटले, की मुलीला दोन्हींवर बसवून पाहा. मागे नाही, पुढे.