कोण कशासाठी जागं आहे

पुणे जिल्ह्यातल्या आमच्या खोडदच्या घरात पोलीस दोन होते. आबा गावचे पोलीसपाटील, म्हणजे बिनवर्दीचे. त्यांचे धाकटे भाऊ नाना जिल्हा पोलिसांत शिपाई म्हणून लागले आणि हवालदार होऊन निवृत्त झाले. आजी आणि नानी यांना कुणी नेमणूकपत्र दिलं नव्हतं, पण रात्री-अपरात्री दार उघडण्याचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून त्यांनाही मी या हिशेबात धरते. ती चौघंही आता नाहीत. आमची पुतणी यंदा पोलीस भरतीत निवडली गेली. गावाजवळच्या गडाच्या रस्त्यानं पहाटे आठशे मीटरचा सराव करत, गोळाफेक शिकत ती तिथवर पोचली. आता ती प्रशिक्षणात आहे आणि फोनवर विचारते, आबा काय करायचे, नाना काय सांगायचे. तेव्हापासून आम्ही सगळी भावंडं एकमेकांना फोन करून जुनं आठवतोय. एकाला जे आठवतं ते दुसऱ्याला नाही. आत्याला सगळ्यात जास्त आठवतं.

आबांचं पाटीलपण वतनाचं नव्हतं. मुलकी पाटलांचं पद १ जानेवारी १९६३ ला गेलं आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं पोलीसपाटील हा सरकारनं नेमलेला, ठरावीक कर्तव्यं असलेला माणूस झाला. गावात काय घडतंय ते वेळेवर कळवायचं, गुन्हा झाला तर पोलिसांना मदत करायची, अनोळखी माणूस मुक्कामाला आला तर लक्ष ठेवायचं. त्याही आधी या मुलखात रात्रीची राखण रामोशी आणि जागल्ये करत. ज्यांच्यावर गावं विसंबून झोपली, त्यांनाच पुढे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलं. आबा हे आम्हाला मुद्दाम सांगत. गावातला म्हातारा रामोशी ओट्याशी आला की त्याला बसायला घोंगडी टाकली जाई. राखणदारी आपण त्यांच्याकडून शिकलो, असं आबांचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं.

देवळीत गणपतीच्या तसबिरीमागे एक भेटवही असायची. बीटचा हवालदार गस्तीवर आला की तीत वेळ घालून सही करायचा. कंदील आत्या धरायची. ती सांगते, सही करायला मिनिट लागायचं, पण हवालदार अर्धा तास बसायचा, आणि खरी गस्त त्या अर्ध्या तासात व्हायची. आजी चुलीवर चहा ठेवायची. आबा सांगत जायचे : आज अमक्याच्या विहिरीवर पाण्याची पाळी आहे, तो दोनपर्यंत जागा असेल. तमक्याची लेक बाळंतपणाला आलीय, तिथं दिवा दिसला तर दार वाजवू नका. धनगरांचा वाडा वरच्या मळ्यात बसलाय, कुत्री भुंकतील. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागल्यात, आपली पोरं सुपारी द्यायला गेलीत, ती उशिरा परततील, ती चोर नव्हेत. जगदंबेच्या यात्रेच्या दिवसांत तर ही यादी संपायचीच नाही.

पुतणीला तिथं वर्गात गस्त शिकवतात. हद्द, बीट, पॉइंट, स्टेशन डायरीतली नोंद, वायरलेसवर बोलायची रीत. हे सगळं यायलाच हवं. पण मला वाटतं, गस्तीचा गाभा आत्यानं धरलेल्या कंदिलाच्या उजेडात होता. रात्री कोण जागं आहे हे कुणालाही दिसतं. ते कशासाठी जागं आहे हे माहीत असणं, ही पोलिसाची विद्या. ज्याला ते माहीत नाही त्याला रात्रीचा प्रत्येक माणूस संशयित वाटतो, आणि मग तो निरपराधाला अडवतो आणि खऱ्या चोराला सोडतो. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ चा. आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्यात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडलेल्या माणसासाठी कलम १२२ आहे. माणूस समाधानकारक कारण देऊ शकला नाही तर गुन्हा. म्हणजे कारण विचारायला हवं, आणि ते खरं की खोटं हे ओळखण्याइतकं गाव माहीत हवं.

नानांची शिकवण वेगळी, हातापायांची. सुट्टीवर आले तरी ती सुटत नसे. कुणाच्या दारात गेले की चौकटीसमोर न उभं राहता बाजूला उभे राहून कडी वाजवायचे. बॅटरी आधी समोरच्याच्या हातांवर टाकायची, मग तोंडावर. स्वतःच्या अंगावर उजेड पडेल असं उभं राहायचं नाही. रोज एकाच वाटेनं, एकाच वेळी गस्त घालायची नाही, कारण चोराकडेही घड्याळ असतं. एकट्यानं जायचं नाही. दोघं गेलात तर एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त बघायचं. आम्ही पोरं अंगणात हा खेळ खेळायचो. धाकट्या चुलतभावाला कायम बघणाऱ्याचं काम मिळायचं. तो आजही लग्नात गेला तरी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा राहतो.

नानीची आठवण याला जोडूनच येते. नाना पोलीस लाइनीत असताना ती त्यांच्या पट्ट्याचं बक्कल घासून लख्ख करायची, आणि ते ड्युटीवरून आले की पहिल्यांदा शिट्टी आणि वही जागेवर ठेवली का ते बघायची. वहीत त्या रात्री पाहिलेल्या गाड्यांचे नंबर, भेटलेल्या माणसांची नावं, वेळा. न्यायालयात साक्ष वर्षांनी होते, माणूस विसरतो, कागद विसरत नाही, असं ती म्हणायची. कोर्टाची पायरी ती कधी चढली नव्हती, तरी पंचनाम्यातली खाडाखोड सहीनिशी नसेल तर काय होतं ते तिला ठाऊक होतं.

आता बंदुकीचं. आबांकडे परवान्याची एकनळी बारा बोअर होती. शस्त्र अधिनियम १९५९ चा, अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याआधी १८७८ चा इंग्रजांचा कायदा होता. त्यानं इथल्या माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याखाली आणलं आणि गोऱ्यांना सूट दिली. नव्या कायद्यानं शेतकऱ्याची अडचण ओळखली होती. संरक्षणासाठी किमान वीस इंची नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक, किंवा पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक, यांच्या परवान्याची त्यात स्वतंत्र तरतूद आहे. रानडुकरं भुईमुगात शिरायची, म्हणून आमच्याकडची बंदूक आली. ती हवेत उडाली की डुकरं पळायची. एवढाच तिचा उपयोग झाला, आणि आबांना त्याचं समाधान होतं.

तिचा हिशेब मात्र कडक. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसं पुण्याच्या दुकानातून यायची, किती घेतली ते परवान्यावर चढायचं. वाजवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळीसुद्धा डब्यात जपून ठेवलेली. बंदूक कपाटात, काडतुसं पेटीत, आणि पेटीची किल्ली आजीच्या कमरेला. आजी ती कुणालाच द्यायची नाही, दिवसा आबांनाही कारण विचारून द्यायची. एकदा घरात भावकीचं भांडण पेटलं, आवाज चढले, तेव्हा आजी काही न बोलता उठून माहेरी गेली. किल्ली तिच्यासोबत गेली. दोन दिवसांनी सगळे थंड झाल्यावर परत आली. शस्त्र सुरक्षित ठेवायचं हमीपत्र आता २०१६ च्या नियमांप्रमाणे लिहून द्यावं लागतं, हाताळणीचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. आजीनं ते न लिहिता पाळलं.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा व्हायची. आबा ती कापडात गुंडाळून घेऊन जायचे, पावती आणायचे आणि भेटवहीत ठेवायचे. गावातल्या काहींना हा अपमान वाटायचा. आबांना नाही. परवाना म्हणजे मालकी नव्हे, सरकारनं ठेवायला दिलेला विश्वास आहे आणि तो मागितला की परत करायचा, असं ते समजत. ते गेल्यावर काकांनी बंदूक ठाण्यात जमा केली. परवाना वारशानं आपोआप चालत येत नाही, वारसाला नव्यानं अर्ज करावा लागतो. आमच्यापैकी कुणी केला नाही.

नानांच्या हाती नोकरीच्या सुरुवातीला चारशे दहाची मस्केट होती, मग थ्री नॉट थ्री. दरवर्षी चांदमारीला जायचे. त्याखेरीज सगळ्या नोकरीत त्यांनी एकही गोळी झाडली नाही. बाकीचे हवालदार शौर्याच्या गोष्टी सांगत, नाना ही गोष्ट सांगत, आणि ती सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. रायफल हातात आली की नळी मोकळ्या दिशेला, बोल्ट उघडून खोलीत बोट घालून पाहायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. घोड्यावर बोट शेवटच्या क्षणापर्यंत नाही. पाळी संपली की शस्त्रागारात राऊंड मोजून द्यायचे, एकही कमी-जास्त नाही. पोलिसाला परवाना लागत नाही, पण ती सूट कामावर असतानाच, कामासाठीच. शस्त्र अधिनियमाचं कलम ४५ तसं म्हणतं. कामाबाहेर तोही साधा नागरिक. आणि अटक करताना, ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घ्यायचा अधिकार पोलिसाला नाही. ही ओळ फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३ मध्ये आली. कलमाचा आकडा बदलला, ओळ राहिली. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी का घालत नाहीत, असं आम्ही लहानपणी विचारायचो. नाना म्हणायचे, ‘चोरीला फाशी हाय का? मग मी कोण द्यायला?’

२६ नोव्हेंबर २००८ ची, मुंबईवरच्या हल्ल्याची रात्र आमच्या घरात सगळ्यांना आठवते. नाना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. डॉ. दा. भ. मार्ग ठाण्याच्या लोकांनी गिरगाव चौपाटीला नाकाबंदी लावली होती. वायरलेसवर गाडीचं वर्णन आलं होतं, ती गाडी तिथं अडली आणि जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे यांनी हातात लाठी असताना अतिरेकी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. नाना टीव्हीसमोर उभेच होते. नंतर कितीतरी दिवस ते एकच बोलत : नाकाबंदी नीट लागली होती. बाकीच्यांना त्यात ओंबळेंचं धैर्य दिसलं, ते होतंच, आणि त्याला अशोकचक्र मिळालं. नानांना त्या धैर्यामागं रस्त्यावर लावलेले अडथळे, ऐकलेला संदेश आणि जागेवर असलेली माणसंही दिसत होती. आमच्याकडे ओंबळेंचं नाव आजही उभं राहूनच घेतात.

लाठीवरून आठवलं. शस्त्र अधिनियमातल्या शस्त्राच्या व्याख्येतच लिहिलंय की निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी किंवा साधी काठी, शस्त्र नव्हेत. पुतणीनं परवा विचारलं, मग कोयत्याचं काय? पुण्यात कोयता घेऊन दहशत घालणाऱ्यांच्या बातम्या रोज येतात आणि आमच्या शिवारात ऊसतोडीच्या दिवसांत प्रत्येक माणसाच्या खांद्यावर कोयता असतो. उत्तर तेच, आबांच्या भेटवहीतलं. पहाटे चारला फडाकडे निघालेल्या जोडप्याच्या हातातलं ते अवजार. रात्री अकराला चौकात गाडीवर कोयता नाचवणाऱ्याच्या हातातलं तेच पातं वेगळं. जिल्हाधिकाऱ्यांचा हत्यारबंदीचा आदेश पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघालेला असेल तर तोही माहीत हवा. आणि गावठी कट्टा सापडला तर त्यात विचार करायला जागा नाही : २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साध्या अग्निशस्त्रालाही किमान दोन वर्षं, कमाल पाच. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जप्ती करताना हातात मोबाइल घेऊन चित्रीकरण करणं आता बंधनकारक आहे. नानी असती तर तिला हे आवडलं असतं.

खोडदची रात्रही बदलली आहे. आमच्या तरुणपणी जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या राहिल्या, तीसपैकी चौदा इथंच. त्या आकाशाकडे कान लावून रात्रभर जाग्या असतात. ऊस वाढला तसे बिबटे उसात राहायला आले. शेतीची वीज पाळीनं रात्री येते, म्हणून माणूस बॅटरी आणि काठी घेऊन एकटा बारे धरायला जातो. विहिरीवरच्या मोटारी आणि केबली चोरीला जातात, म्हणून दुसरा माणूस राखणीला जागतो. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पीकराखणीच्या परवान्यानं त्याच्यावर नेम धरता येत नाही. जीव वाचवताना घडलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे या शिवारात रात्री दोन वाजता पाणी देणारा, राखण करणारा, वनखात्याचा माणूस, केबलचोर, गस्तीचा पोलीस आणि बिबट्या सगळे एकदम जागे असतात, आणि काहींच्या हातात काठी किंवा बंदूक असते. नव्या शिपायासाठी याहून अवघड जागा मला सुचत नाही. ११२ ला फोन आला की ठाण्याची गाडी निघते, पण अंधारात बॅटरी हलवणारा कोण आहे हे गाडी सांगत नाही.

पुतणीला आम्ही मिळून एक चिठ्ठी पाठवली आहे. पहिली नेमणूक मिळेल तिथं पहिल्याच आठवड्यात बीटमधल्या प्रत्येक पोलीसपाटलाच्या घरी दिवसा जायचं. रात्री पहिली ओळख करायला गेलं की घर घाबरतं. चहा नाकारायचा नाही. घरातल्या बाईशी बोलायचं, गाव तिला जास्त माहीत असतं. ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांचे, मेंढपाळांचे आणि वनरक्षकाचे नंबर घ्यायचे. परवानाधारकांची यादी ठाण्यात असते, ती वाचायची आणि प्रत्येकाची किल्ली कुणाकडे असते ते विचारायचं. आणि महावितरणच्या कार्यालयातून कुठल्या शिवाराला कुठल्या आठवड्यात रात्रीची वीज आहे, त्याचं वेळापत्रक उतरवून आणायचं.