विरजण

लग्नात आम्हांस जो आहेर आला, त्यात भिंतीवरची घड्याळे पाच होती, काचेच्या पेल्यांचे संच सात होते, आणि सांडशी एकही नव्हती. ही उणीव पहिल्याच संध्याकाळी उघडकीस आली. कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत प्रथमच तापत ठेवलेले दूध उतास चालले होते, आणि ते उतरावयाचे कशाने, हे दोघांपैकी कोणासही सुचत नव्हते. अखेरीस मांडवात सासरेबुवांनी आमच्या खांद्यावर घातलेली शाल आम्ही पुढे केली. दूध निम्मे वाचले. शाल वाचली नाही. गॅस बंद करता आला असता, ही गोष्ट दोन दिवसांनी लक्षात आली. पाचही घड्याळांत त्या क्षणी पाच निरनिराळ्या वेळा झाल्या असल्यामुळे हा प्रसंग नेमका किती वाजता घडला ते सांगता येत नाही. साल 1988 होते आणि पाऊस नुकताच लागला होता, एवढे नक्की.

येथे ‘आम्ही’ या शब्दाचा थोडा खुलासा करणे बरे. हा ‘आम्ही’ संपादकांचा नव्हे. संसारात या सर्वनामास दोन वचने असतात. पोळी फुगली की ‘आम्ही’ म्हणजे उभयता. दूध उतू गेले की ‘आम्ही’ म्हणजे केवळ प्रस्तुत लेखक. हा नियम आमच्या पत्नीने घालून दिला असून आजपर्यंत त्यास फारसे अपवाद झालेले नाहीत. एक झाला, त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

कोथरूड त्या वेळी पुण्यात होते. परंतु पेठांतील लोकांना ते मनापासून मान्य नव्हते. घर कर्वे पुतळ्याच्या पलीकडे आहे, असे सांगताच सदाशिव पेठेतील आमचे एक मावसकाका म्हणाले, “म्हणजे येताना शिदोरी बांधून आणायला हवी.” 6 मार्च 2022 पासून वनाजहून मेट्रो सुटते, आणि आणखी पलीकडे राहावयास गेलेल्यांना कोथरूडकर आता तोच शिदोरीचा विनोद मोठ्या उत्साहाने ऐकवितात.

नव्या संसाराचा ग्रंथाधार म्हणजे आत्याबाईंनी दिलेली ‘रुचिरा’. कमलाबाई ओगल्यांचे हे पुस्तक 1970 साली निघाले, आणि ‘अंदाजाने मीठ’ या शब्दांनी पिढ्यान्‌पिढ्या छळलेल्या नववधूंना त्याने वाटी-चमच्याचे स्पष्ट माप दिले. आमची अडचण एवढीच, की आमच्या घरी वाट्या तीन जातींच्या होत्या: काही मिरजेच्या, म्हणजे माहेरच्या, काही वाईच्या, म्हणजे आमच्या, आणि काही कुठल्याशा बारशात वाटलेल्या. रवा मिरजेच्या वाटीने आणि पाणी वाईच्या वाटीने घेतल्यास उपमा कसा होतो, हे त्या पुस्तकात दिलेले नाही. आम्ही सांगू शकतो.

जुलैतल्या एका रविवारी पाहुण्यांना पोहोचवावयास जिन्यात आलो असता वाऱ्याने दार लागले. दारास लॅच होते. किल्ली आत, कुकर गॅसवर, आणि आम्ही दोघे बाहेर. बंद दाराआड आपल्याच कुकरच्या शिट्ट्या मोजीत उभे राहण्याइतका असहाय प्रसंग गृहस्थाश्रमात दुसरा नसावा. अकराव्या शिट्टीला शेजारच्या काकूंनी दार उघडले. काहीएक न विचारता त्यांनी आपल्या मुलास त्यांच्या गॅलरीतून आमच्या गॅलरीत उतरविले, आणि सतराव्या शिट्टीला गॅस बंद झाला. डाळीची खळ झाली होती. ती आम्ही दोन दिवस निरनिराळ्या नावांनी खाल्ली. तेव्हापासून आमची एक किल्ली काकूंच्या घरी खुंटीला असे.

श्रावणात वाईहून आई आली. एस.टी.तून उतरताना तिच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात, पदराखाली झाकलेली, फिरकीच्या झाकणाची एक डबी. रिक्षातही तिने ती डबी मांडीवरून खाली ठेवली नाही. आम्हांस वाटले, सुनेसाठी एखादा दागिना असावा. घरी येऊन उघडली, तर आत दोन चमचे दही.

ते विरजण आईला तिच्या सासूने दिलेले, आणि सासूला तिच्या सासूने, अशी आमच्या घरची समजूत होती. ते दही घट्ट कवडीचे लागे आणि चवीला गोडसर असे. दूध करंगळीला सोसेल इतकेच कोमट असावे. चमचाभर विरजण आधी थोड्या दुधात मोडून मग सगळीकडे सारखे करावे. एकदा झाकले की भांडे हलवू नये. थंडी असेल तर ते पिठाच्या डब्यात ठेवावे. आणि घरात कोणी कितीही मागितले तरी सकाळी दोन चमचे आधी बाजूला काढावे. ही पाच कलमे आईने सुनेकडून तीनदा म्हणून घेतली. आमची पत्नी विज्ञानाची पदवीधर. दुधातील साखरेचे आम्ल करणारे जिवाणू, त्या आम्लाने साकळणारी प्रथिने, हे सर्व तिला मुखोद्गत होते. एली मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने आंबविलेल्या दुधाने आयुष्य वाढते असे प्रतिपादन केले, तो स्वतःही ते घेत असे, आणि त्यास 1908 साली नोबेल पारितोषिक मिळाले, हेही तिने आईला सांगितले. (पारितोषिक दह्याबद्दल नव्हते, रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल होते, पण सासूसमोर इतका तपशील कोण देतो?) आईने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “त्यांच्याकडे लावीत कोण असे?”

मराठी भाषेने या पदार्थावर अन्याय केला आहे, असे आम्हांस नेहमी वाटते. उत्साहावर विरजण पडते, आनंदावर पडते, ठरलेल्या बेतावर पडते. आणि प्रत्येक वेळी अर्थ एकच, नासाडी. हा वाक्प्रचार ज्याने रूढ केला, त्याच्या घरी दही नीट लागत नसावे.

आई आठ दिवस राहिली. काकूंच्या दह्यास तार येते हे कळताच जाण्यापूर्वी एक वाटी त्यांनाही देऊन गेली.

पुढल्या वर्षी, 1989 च्या भाद्रपदात, ती वारली. आठवडाभराच्या तापाचे निमित्त झाले. आम्ही दोघेही तीन आठवडे वाईस होतो. वडील पूर्वीच गेले होते; तेव्हा दिवसकार्य उरकल्यावर वाड्यातील आमच्या दोन खोल्यांस कुलूप घातले आणि कोथरुडास परत आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पानात दही होते. तसेच घट्ट, गोडसर, वर सायीचा पापुद्रा. आम्ही बोललो नाही; पत्नीही बोलली नाही. परंतु ते दही आम्ही ज्या रीतीने खाल्ले, ते तिच्या नजरेतून सुटले नसावे. आईची सहाण, तिच्या पोथ्या, तिची नऊवारी लुगडी सारी कुलपाआड राहिली होती. हे एक मात्र आमच्या घरात रोज रात्री नव्याने लागत होते. त्या दिवसांत आम्ही शोक असा काही केलाच असेल, तर कचेरीत डब्यातील दहीभाताचे एकही शीत टाकले नाही, इतकाच.

मार्गशीर्षात पत्नी बहिणीच्या बाळंतपणासाठी सहा दिवस मिरजेस गेली. जाताना म्हणाली, “घर झाडलं नाहीत तरी चालेल. रात्री एवढं लावीत जा.” चार रात्री आम्ही लावले, आणि चारही दिवस लागले. चौथ्या दिवशी तर काकूंना मुद्दाम बोलावून भांडे तिरपे करून दाखविले. पाचव्या रात्री बालगंधर्वला साडेनऊचे नाटक होते, आणि मित्र खाली स्कूटर चालू ठेवून हाका मारीत होता. दुधाला नुकती उकळी आली होती. ते आम्ही तसेच विरजणावर ओतले आणि जिना उतरलो.

सकाळी पाहतो तो दूध दूधच होते. फक्त त्यात पांढरे कण तरंगत होते. बाजूला काढलेले दोन चमचे? आदल्या रात्री नाटकाच्या घाईत पोळीबरोबर तेही खाऊन टाकले होते. फ्रीज घरात यावयास आणखी दोन वर्षे होती, म्हणजे तेथेही काही ठेवलेले नव्हते. आम्ही दुसऱ्या दुधात मिरचीचे देठ टाकून पाहिले, लिंबू पिळून पाहिले. लिंबाने पनीर झाले. देठांनी काय झाले ते सांगवत नाही. पातेल्यापुढे बसून आम्ही त्या सकाळी जे केले, ते भाद्रपदात घाटावर आम्हांस करता आले नव्हते.

त्यानंतर आम्ही एक लबाडी केली. चौकातल्या दुकानातून अर्धा किलो दही आणले, ते आमच्या चिनी मातीच्या सटात भरले, चमच्याने वरून सारखे केले, आणि त्यावर दुधाची साय पसरली. संध्याकाळी पत्नी आली. रात्री जेवताना तिने दही वाढून घेतले, एक घास खाल्ला, आणि म्हणाली, “छान लागलंय.”

सुटलो असे वाटण्याऐवजी तो घास आमच्याच घशात अडकला. दोन दिवस तेच दही दोघांनी मुकाट्याने खाल्ले. तिसऱ्या रात्री आम्ही झोपलो आहोत असे समजून पत्नी हलकेच दार उघडून बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात झाकलेली वाटी होती. दारातच आम्ही उभे.

“ते आईचं गेलं गं,” आम्ही म्हणालो. “मी घालवलं. उकळतं दूध ओतलं मी.”

“पहिल्याच घासाला कळलं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

ती बराच वेळ वाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही नाही घालवलंत. भाद्रपदात आपण वाईहून आलो, तेव्हाच ते गेलेलं होतं. तीन आठवडे घर बंद. सटावर बोटभर बुरशी आली होती. वाईच्या घरातलं आणायला हवं होतं, पण त्या गर्दीत सुचलंच नाही. तुम्ही खालून पिशव्या वर आणेपर्यंत मी सट घासून काकूंकडून वाटी आणली. दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवताना... मग कशी सांगणार?”

आम्हांस राग आला, हे कबूल केले पाहिजे. तीन महिने ज्याला आपण आईचे म्हणत होतो, ते शेजारचे! परंतु रागापाठोपाठ एक साधा हिशेब ध्यानात आला. कुलूपबंद घरात, श्रावणभाद्रपदाच्या हवेत, दही तीन आठवडे टिकेल असे आम्ही कोणत्या शास्त्राच्या आधारे गृहीत धरले होते? कोणत्याही नाही. दही आपले असतेच, असे आम्ही जन्मभर समजत आलो होतो. मेचनिकॉफविषयीचा आईचा प्रश्न आता कुठे आम्हांस ऐकू आला.

जिन्यातले बोलणे काकूंच्या घरात जाते. त्या बाहेर आल्या. “अरे, मग माझ्याकडचं तरी कुणाचं? तुझ्या आईनंच दिलेलं ना?”

“पण काकू, त्यात तुमचंही मिसळलं असेल.”

“माझं?” काकू हसल्या. “माझं पानशेतच्या पुरात गेलं.”

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याने दम सोडला, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, हे पुण्यात कोणास सांगावे लागत नाही. काकूंचे सासर तेव्हा नारायण पेठेत होते. पाणी ओसरल्यावर परत गेल्या, तर घराच्या जागी एक भिंत आणि जाते. “जड म्हणून तेवढं राहिलं,” काकू म्हणाल्या. नणंदेच्या घरी बिऱ्हाड हलले. तिसऱ्या दिवशी नणंदेने दूध पुढे ठेवले आणि सांगितले, वहिनी, आज दही तुम्ही लावा. विरजण नणंदेचे, नणंदेने ते घेतले होते घरमालकिणीकडून, आणि घरमालकीण मूळची कऱ्हाडची की सोलापूरची, यावर नणंदा-भावजयांचे एकमत नव्हते. हे सर्व काकूंनी मंडईतील भाव सांगावेत तशा स्वरात सांगितले, आणि “दूध निवलं असेल तुमचं,” म्हणून दार लोटून घेतले.

त्या रात्री पत्नीने दूध पुन्हा कोमट केले आणि आम्हांस ओट्यापाशी उभे केले. “घाला करंगळी.” घातली. “सोसतंय?” आम्ही सोसते म्हणालो. तिने स्वतःची करंगळी घालून पाहिली आणि भांडे आणखी पाच मिनिटे तसेच राहू दिले. मग विरजण तिने मोडले, दुधात सारखे आम्ही केले, आणि सट पिठाच्या डब्यात दोघांनी मिळून उतरविला.

काकूंची वाटी मात्र रिकामी परत कशी करावयाची, हा प्रश्न उरला. साडेअकरा झाले होते, निदान दोन घड्याळांप्रमाणे. नारळ घरात होता. ‘रुचिरा’ उघडून आम्ही खोबऱ्याच्या वड्या करावयास घेतल्या. साखर पुन्हा कोणाच्या तरी वाटीने मोजली गेली आणि पाक पुढे गेला. सकाळी वाटीतून वड्यांऐवजी खोबऱ्याचा भुगा गेला. काकूंनी तो चमच्याने खाल्ला, असे त्यांचा मुलगा सांगत होता.