दोन फासळ्यांमधली जागा

फायबरची बोट साच्यातून निघाली, आतल्या फासळ्या बसल्या, की मी चपला काढून आत उतरतो आणि टाचेनं तळ दाबत चालतो. शेडमधली पोरं हसतात. फासळीवर टाच ठणकन थांबते. दोन फासळ्यांच्या मध्ये ती जराशी झुलते. ते झुलणं माझ्या ओळखीचं आहे.

एका गिऱ्हाइकाला बर्फाच्या खणाला जागा हवी होती, म्हणून फासळ्यांमधलं 45 सेंटिमीटरचं अंतर मी 60 केलं. पंधरा सेंटिमीटरनं काय होतंय! गणित नंतर मांडलं. कवचाची जाडी तीच ठेवून अंतर दुप्पट केलं, तर ताण चौपट होतो आणि बाक सोळापट. माझ्या पंधरा सेंटिमीटरनं बाक तिपटीच्या वर गेला होता.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ती बोट परत आली. (फायबरच्या कामाला याहून वाईट ऋतू नाही, दमट हवेत रेझिन नीट सुकत नाही.) नाळेजवळ, जिथे तळ लाटेवर आपटतो, तिथे केसासारख्या चिरा होत्या. मी त्या मधोमध शोधत होतो, कारण झुलतं ते मधेच. त्या निघाल्या फासळ्यांच्या कडेला. फासळीनं घट्ट धरलेल्या कडेवर मधल्यापेक्षा दुप्पट ताण येतो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. जिथे शंका तिथे फासळी. त्यातली एक तळाच्या मधेच, ठोकळ्यासारखी तोडून संपवली. पुढच्या वर्षी बरोबर तिच्या टोकाशी तडा. लाकडी होड्या बांधण्यात आयुष्य घालवलेले एक मिस्त्रीआबा तेव्हा शेडवर चहाला येत. त्यांनी त्या टोकावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "हिला पुढं कोण धरतंय?"

तेव्हापासून मी फासळी एक तर दुसरीच्या अंगावर नेऊन टेकवतो, नाहीतर वीतभर लांबीत उतरती करत तळात मुरवतो. याला वेळ लागतो, फायबरची चटई वाया जाते, आणि गिऱ्हाइकाला ते दिसतही नाही. त्याचा प्रश्न ठरलेला असतो, "फासळ्या किती टाकल्या?" मी त्याला चपला काढायला सांगतो.