दाभोळची मॅटाडोर

दाभोळ बंदरावर आदिलशाहीच्या काळातली माँसाहेबांची मशीद आहे. तिथून दापोलीचा रस्ता चढू लागतो. या चढावर रोज सकाळी एक पांढरी मॅटाडोर धापा टाकते, ती आमची. पूर्वी ती जमातीची रुग्णवाहिका होती. लिलावात घेतली, सायरन-दिवा उतरवला, आरटीओत नोंद बदलली. आता तिच्यातूनच मी शाळेला जातो.

बजाज टेम्पोच्या या गाडीचे इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या शेजारी. मे महिन्यात पाय भाजतात. जोर पुढच्या चाकांना, त्यामुळे पावसात चढावर सांभाळून चालवावी लागते. खाडीची खारी हवा तर बारमाही पत्रा खाते. म्हणून दर रविवारी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुतो आणि मृगाआधी त्याला ऑइल फासतो.

2014 पासून महाराष्ट्रात 108 ची सेवा आहे. तरी एखाद्या रात्री आमचे दार वाजतेच. “सर, गाडी काढता का? अम्मीला धाप लागलीय.”

घरचे म्हणतात, छोटी नवी गाडी घ्या. पण तिच्यात आजारी माणसाला आडवे कुठे झोपवणार? म्हणून मॅटाडोरची मागची जागा मोकळीच ठेवली आहे, आणि डिझेल अर्ध्या टाकीखाली जाऊ देत नाही.