मस्कतमधला पहिला रमजान आणि माझा सव्वापाचचा डबा



दिवाळीला गावी आले होते तेव्हा बस्तीच्या पायरीवर तिघी-चौघींनी मला घेरलं. "तिकडं रमजानात तुझं कसं गं होतं? उपाशी ठेवतात की काय?" मी हसून काहीतरी उत्तर दिलं आणि सुटले. खरं उत्तर लांबलचक आहे. त्यात माझी एक चूकही आहे, ती पायरीवर उभ्या उभ्या सांगण्यासारखी नव्हती. म्हणून आज लिहिते.

२०२४च्या फेब्रुवारीत मी मस्कतला आले. हे दोन वर्षं आधीच नोकरीसाठी इकडे आले होते. माझं मात्र ठरत नव्हतं, कारण मुलगा दहावीला. पण इथल्या एका शाळेतल्या इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या आणि त्यांना जागा लगेच भरायची होती. नऊ वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला अशी संधी पुन्हा कुठून येणार? शेवटी आईंनीच (सासूबाईंना मी आईच म्हणते) मला ढकललं. "तू जा. पोराचं मी बघते. मला काय इंग्रजी यायला पाहिजे व्हय त्याला वेळेवर जेवायला घालायला?" पोराचे पेपर १ मार्चला सुरू झाले तेव्हा मी समुद्रापलीकडे होते. ती बोचणी महिनाभर सोबत होती, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

स्वयंपाकघराची घडी मात्र लवकर बसली. रुवी भागात आपली दुकानं इतकी आहेत की नाचणीपासून कोकमापर्यंत सगळं मिळतं. गाळणीचं कापड मी नेलं होतं. कंदमूळ आपल्याकडे तसंही नसतं, त्यामुळे भाजी निवडायला वेळ लागत नाही. शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी सकाळी शाळा, हे अंगवळणी पडायला मात्र वेळ लागला. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आईंना ते कधीच पटलं नाही. रोज फोनवर पहिला प्रश्न एकच, "तिकडं आज दिवस कधी मावळतो गं?"

कारण माझा रात्रीभोजन त्यागाचा नियम. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माताजींकडून घेतलेला. सूर्यास्ताच्या आधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, ताट बंद. मार्चमध्ये मस्कतला सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचच्या आत जेवण आटोपायचं. सव्वापाचला मी डबा उघडते. शाळा दुपारी सुटते, त्यामुळे त्यात काही अडचण नव्हती. अडचण आली ती दिवसाच्या दुसऱ्या टोकाला.

सौदी आणि अमिरातीत त्या वर्षी ११ मार्चला रमजान सुरू झाला. ओमानमध्ये आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला नाही म्हणून १२ मार्चला. मला आपल्या तिथीक्षयाच्या चर्चा आठवल्या आणि एकदम घरच्यासारखं वाटलं! सगळे एकमेकांना "मुबारक अलैकुम अश्-शहर" म्हणत होते. अरबीत शहर म्हणजे महिना. मी आधी समजले होते की मस्कत शहराचं अभिनंदन चाललंय.

शाळेचे तास कमी झाले. दुपारी रस्ते ओस आणि रात्री अकराला बाजारात गर्दी. दिवसा चारचौघांत खाणंपिणं कायद्यानेच बंद, गाडीत बसून पाण्याचा घोटसुद्धा नाही. जे रोजे करत नाहीत त्यांच्यासाठी शाळेत मागच्या बाजूला एक खोली होती, दाराला जाड पडदा. एका केरळच्या शिक्षिकेने मला ती पहिल्याच दिवशी दाखवली आणि म्हणाली, "पडदा नीट ओढून घेत जा."

त्याच दिवशी तिसऱ्या तासाला सातवीच्या वर्गात गेले. बावीस मुली, बारा-तेरा वर्षांच्या. काहींचा आयुष्यातला पहिलाच पूर्ण महिन्याचा रोजा. ओठ कोरडे, पण चेहऱ्यावर एवढा अभिमान! आपल्याकडे दशलक्षणात पहिला उपवास केलेली पोर कशी दिवसभर मिरवते, तसाच. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मिस, साइमा?" साइमा म्हणजे उपवास करणारी. तेवढं अरबी मला समजत होतं.

आणि मी "यस" म्हणाले.

का म्हणाले? सकाळी मी पोटभर उपमा खाऊन आले होते. तीन आठवडे त्या मुली माझ्याकडे परकी बाई म्हणून बघत होत्या. माझे उच्चार त्यांना कळत नव्हते, त्यांची नावं माझ्या जिभेवर बसत नव्हती. त्या एका "यस"ने बावीस चेहरे उजळले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, असू दे, कुणाचं काय नुकसान झालं? घरी पोराची परीक्षा चालू होती आणि मला कुठेतरी कुणाचं तरी व्हायचं होतं. सत्याणुव्रताची पोथी मी शिबिरात मुलांना शिकवली आहे, हे मुद्दाम सांगते. तुम्ही मला हसू शकता.

काही दिवसांनी मी पडद्याआडच्या खोलीत थालीपीठ खात होते. पडदा हलला. तीच मुलगी, हातात माझ्यासाठी वह्यांचा गठ्ठा. कुणीतरी तिला चुकून तिकडे पाठवलं होतं. तिने डबा बघितला, माझ्याकडे बघितलं, गठ्ठा जमिनीवर ठेवला आणि गेली. तोंडातला घास गिळता येईना.

तिने कुणालाही सांगितलं नाही. पुढच्या तासाला वर्गात सगळं नेहमीसारखं. फक्त ती माझ्याकडे बघत नव्हती. चुगली केली असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी सारवासारव केली असती. ती मला पाठीशी घालत होती. बारा वर्षांच्या मुलीने माझं खोटं सांभाळायचं, आणि तेही उपाशीपोटी!

असे आठ-दहा दिवस गेले. मग आमच्या विभागाच्या मुख्य बाईंनी सगळ्या शिक्षिकांना गुरुवारी इफ्तारला बोलावलं. नवीन माणसाला नाही म्हणता येत नाही. मी सव्वापाचला घरी जेवून, तोंड धुऊन, हातात फळांची करंडी घेऊन गेले. त्यांच्या घरी मोठ्या खोलीत खाली गालिचावर लांबलचक सुफरा अंथरला होता. खजूर, ताक, समोसे, हरीस, पाकात बुडवलेले गोल गोल लुकैमात. सगळ्या बायका गप्प बसल्या होत्या. मगरिबची अजान झाली आणि बाईंनी पहिला खजूर उचलून माझ्याच हातात ठेवला, कारण मी पाहुणी.

ज्या क्षणाला त्यांचं तोंड उघडतं, त्या क्षणाला आपलं केव्हाच बंद झालेलं असतं. हा विचार मला आधी सुचला नव्हता असं नाही, पण तो खजूर तळहातावर आल्यावर तो खरा झाला. तोंडात टाकला तर नियम मोडतो. ठेवून दिला तर दिवसभर तहानलेल्या बाईचा मान मोडतो. "पोट बिघडलंय" हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, अगदी इंग्रजीत, व्याकरणासकट. पण पडदा आठवला. एक खोटं पचलेलं नव्हतं, तोवर दुसरं कुठे घालणार?

मी सांगितलं. तोडक्यामोडक्या शब्दांत, की आम्ही सूर्य मावळल्यावर खात नाही. दिव्याभोवती, चुलीत, अन्नात जीव पडतात, ते मरू नयेत म्हणून. मांस, दारू आणि मधसुद्धा खात नाही. मध म्हटल्यावर मात्र सगळ्या दचकल्या, कारण ओमानी माणसाला आपल्या मधाचा केवढा अभिमान! आणि आमचे उपवास असतात तेव्हा दिवसच काय, रात्रही कोरडी जाते, दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर पारणं. बाईंनी घोटभर पाणी पिऊन सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही दुकान उघडतो तेव्हा तुम्ही कुलूप लावता." आणि माझ्या हातातला खजूर कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवायला लावला. "उद्या सूर्य उगवल्यावर खा."

पुढच्या गुरुवारी त्यांनी मला एकटीलाच बोलावलं. पाच वाजता.

गेले तर स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलावर माझं एकटीचं ताट. पपई, केळी, साधा भात आणि दंगो, म्हणजे हरभरे उकडून तिखट-लिंबू लावलेले. लसूण घातला नव्हता. पातेलं नवीन होतं, त्याच्या बुडाला दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं होतं. काही जणींना हे पटणार नाही, मला ठाऊक आहे. पातेलं नवीन असलं तरी घर कुणाचं, चूल कुठली? माताजींना मी विचारलं नाही. त्या बाईने पहाटे पाचपासून पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता आणि ती माझ्यासाठी चुलीपाशी उभी होती. मी जेवले.

"तुमच्यासमोर कसं खाऊ?" असं मी म्हटलंच. त्या म्हणाल्या, "खा. मला फक्त सांग, मीठ बरोबर आहे का? मी चाखलेलं नाही." मीठ दुप्पट पडलं होतं. आणि मला एकदम आई आठवल्या. अनंत चतुर्दशीला स्वतःचा कडक उपवास करून दहा माणसांचा स्वयंपाक करतात आणि ताट वाढल्यावर विचारतात, "मीठ बघा रे, मला काय कळत नाही आज." त्या दिवशी आमच्याकडची आमटी खारट असते, आणि कुणी एक अक्षर बोलत नाही. मीही बोलले नाही. "बरोबर आहे" म्हणाले. (हे खोटं कोणत्या खात्यात धरायचं ते तुम्ही ठरवा.)

जेवता जेवता मी त्यांना वर्गातलं सांगितलं. त्यांनी सल्लाबिल्ला काही दिला नाही. फक्त विचारलं, "त्या मुलींना कधी सांगणार?"

रविवारी सातवीच्या फळ्यावर मी 'ब्रेकफास्ट' हा शब्द लिहिला आणि मधोमध रेघ मारून त्याचे दोन तुकडे केले. फास्ट म्हणजे उपवास, ब्रेक म्हणजे मोडणं. मुली ओरडल्या, "मिस, फुतूर!" अरबीतही न्याहारीला फुतूर म्हणतात आणि इथे रोजा सोडण्यालाही तोच शब्द. मी म्हटलं, माझ्या भाषेत उपवास सोडण्याला पारणं म्हणतात. बावीस तोंडांतून "पारना, पारना" झालं. मग मी सांगितलं की त्या दिवशी मी उपाशी नव्हते. मी खोटं बोलले, आणि आमच्यात वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस असतो, तो मी आज धरते आहे.

वर्ग गप्प. पहिल्या बाकावरची मुलगी वहीत बघत होती. मग मागून कुणीतरी विचारलं, "मग तुमचा महिना कधी असतो?" मी म्हटलं, महिना नाही, दहा दिवस, पावसाळ्यात. "पाणी पण नाही?" मी म्हटलं, शेवटच्या दिवशी पाणी पण नाही. यावर बरीच कुजबुज झाली. तिने मात्र तास संपेपर्यंत वर बघितलं नाही. जाताना गृहपाठाची वही माझ्या टेबलावर ठेवली, एवढंच. पण ठेवली ती हातात दिल्यासारखी, फेकल्यासारखी नव्हे. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

१० एप्रिलला ईद झाली. पोराचे पेपर तोवर केव्हाच संपले होते, त्याला गणित बरं गेलं होतं. आईंना मी सगळं सांगितलं, खजूर आणि नवं पातेलंही. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिला आपल्याकडचं मेतकूट पाठवू का? त्यात हिंग आहे, चालतं का त्यांना?"

शाळेने माझी नेमणूक पुढे वाढवली. १७ सप्टेंबरला, मंगळवारी, अनंत चतुर्दशी होती. मी कडक उपवास धरून शाळेत गेले. मस्कतचा सप्टेंबर म्हणजे काय ऊन असतं ते येऊन बघा! त्या मुली आता आठवीत होत्या. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात ती समोरून आली. हातात पाण्याची बाटली, झाकण उघडलेलं. माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

"मिस, साइमा?"

मी मान हलवली. तिने बाटली पाठीमागे नेली, भिंतीकडे वळली आणि माझ्याकडे पाठ करून, घाईघाईने दोन घोट पाणी प्यायली.