नोंदवहीतील लेकरे

अमेरिकेच्या दक्षिणेस लुइझियाना नावाचे राज्य आहे. तेथे जिल्ह्याला 'पॅरिश' असे म्हणतात. फ्रेंच व स्पॅनिश अमदानीत धर्मग्रामांच्या हद्दींवरून कारभाराच्या हद्दी पडल्या व तेच नाव पुढे टिकले. 2019 च्या फेब्रुवारीत आम्ही त्या राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरी पुतण्याच्या घरी मुक्कामास होतो. फेब्रुवारी महिना त्या देशात कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी राखलेला असतो. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने 1926 साली त्यासाठी एक सप्ताह सुरू केला. 1976 पासून त्याचा महिना झाला.

पुतण्याची मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा. शाळेत तोच विषय चालू असल्याने गुलामांचा मळा पाहावयाचा, असा दोघांनी हट्ट धरला. सूनबाई हळूच म्हणाल्या, "काका, लहान मुलांना असले दाखवावे का? रात्री झोप लागायची नाही त्यांना." त्यांची शंका रास्त होती आणि आम्हांपाशी तयार उत्तर नव्हते. तरी मुलांना घेऊन आम्ही निघालो.

मिसिसिपी नदीच्या काठाने तासाभर गेले, की व्हिटनी मळा लागतो. सभोवार उसाची शेते. आपल्या बेळगावकडील वाचकांस ती पाहून घरचीच आठवण व्हावी! हा मळा 2014 साली सर्वांना पाहण्यासाठी खुला झाला. धन्याच्या वाड्याची शोभा दाखवावी, हा येथील हेतू नव्हे. गुलामांचे जिणे सांगावे, हा हेतू.

दाराशीच प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड अडकविण्यात आले. त्यावर एका गुलाम लेकराचे चित्र व त्याच्या आयुष्याची हकिगत. 1930 च्या दशकात सरकारी लेखनिकांनी गावोगाव हिंडून एकेकाळी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या जबान्या टिपल्या होत्या. गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली. अर्थात हे वृद्ध त्या काळी बालके होते. म्हणून मळ्यातील जुन्या प्रार्थनामंदिरात त्यांचे पुतळे उभे आहेत, ते मुलामुलींचेच. आमची मुले आपापल्या कार्डावरील चेहरा शोधीत त्या पुतळ्यांमधून मुकाट्याने फिरली. ज्याचे नाव गळ्यात आहे, त्याला परके कसे म्हणावे?

पुढे एक अंगण आहे. मध्ये पंख असलेली देवदूत स्त्री एका मृत अर्भकाला उचलून नेत आहे व भोवती दगडांवर नावे कोरली आहेत. त्या भागात तीन वर्षांची होण्याआधीच दगावलेल्या सुमारे 2,200 गुलाम बालकांचे हे स्मारक. ही नावे मिळाली कोठून? न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांच्या दप्तरातील संस्कारांच्या नोंदवह्यांतून! आपल्या चर्चमध्ये असतात, तशाच त्या वह्या.

धाकट्याने विचारले, "आजोबा, फादरांनी यांची नावे लिहिली, मग यांना सोडवले का नाही?"

प्रिय वाचकहो, येथे गोड उत्तर देणे सोपे होते. परंतु आम्ही खरे तेच सांगितले. त्या काळी पुष्कळ कॅथोलिक कुटुंबे गुलाम बाळगीत, धर्मसंघही बाळगीत. 1838 साली मेरीलँडच्या जेझुइटांनी 272 माणसे लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. हे बोलताना आमचा आवाज खाली गेला.

परंतु एवढ्यावरच थांबलो असतो, तर मुलांना अर्धाच इतिहास मिळाला असता. म्हणून रविवारी त्यांना ट्रेमे वस्तीतील संत ऑगस्टिनच्या चर्चमध्ये नेले. 1841-42 साली हे चर्च उभारले जात असता स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी बसण्याचे बाक आपल्यासाठी तर विकत घेतलेच. पण बाजूचे बाक घेऊन ते गुलामांना दिले. हेन्रिएट डेलिल ही याच समाजातील स्त्री. गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणे लुइझियानात गुन्हा होता, अशा काळी तिने त्यांना श्रद्धेचे शिक्षण दिले आणि 1842 साली धर्मभगिनींचा संघ स्थापिला. 2010 साली पोपमहोदयांनी तिला 'आदरणीय' घोषित केले. चर्चच्या कुशीस जहाजाच्या साखळदंडांचा एक प्रचंड क्रूस कलता उभा आहे. त्यावर बेड्या लोंबतात. अज्ञात गुलामाची ही समाधी. धाकट्याने साखळीला हात लावून पाहिला.

तेथून जवळच काँगो चौक आहे. रविवारच्या सुटीत गुलाम येथे जमत, ढोल वाजवीत, नाचत, बाजार मांडीत. या शहरात जन्मलेल्या जॅझ संगीताची मुळे त्या तालांत आहेत. याच शहरात 1960 साली रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी गोऱ्यांच्या शाळेत प्रथम गेली, तेव्हा रस्त्यात शिव्या देणारा जमाव होता व सोबतीस सरकारी रक्षक होते. "सहा वर्षांची?" असे म्हणून नात कितीतरी वेळ गप्प राहिली. दोन वर्षांनी आर्चबिशप रमेल यांनी कॅथोलिक शाळा सर्व वर्णांच्या मुलांना खुल्या केल्या व विरोधात आघाडीवर असलेल्या तिघांना धर्मबहिष्कृत केले.

हे सारे सातासमुद्रांपलीकडचे, असे कोणी म्हणू नये. सोळाव्या शतकात जुन्या गोव्याच्या हमरस्त्यावर माणसांचा लिलाव होई. लिन्शोटेन या डच प्रवाशाने तो पाहून लिहून ठेवला आहे. पोर्तुगीजांनी आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज, सिद्दी बांधव, बेळगावच्या शेजारी हल्याळच्या रानात राहतात. त्यांच्यांत आपले धर्मबंधूही आहेत. आपल्या मुलांना त्यांची कितीशी माहिती आहे? मुलांना तेथे न्यावे. तेथील वृद्धांपाशी बसून ऐकावे. त्यांचे ढोल ऐकावेत. आणि मुले प्रश्न विचारतील, तेव्हा खरे उत्तर द्यावे.

त्या रात्री मुलांना झोप उशिरा लागली, हे खरे. परंतु रोझरी संपताना, मृतांसाठी प्रार्थना करतेवेळी, नातीने आपल्या कार्डावरचे नाव मोठ्याने उच्चारले. सूनबाईंनी डोळे पुसले व त्या म्हणाल्या, "आमेन."