कोपरीचे पावसाळी पाणी

ठाणे स्थानकात उतरणारा भाविक बहुधा पश्चिमेकडचा जिना धरतो. टेंभी नाक्याजवळचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर, कोकण शत्रुंजय या नावाने ख्यात असलेले, त्याच बाजूला आहे. धवल शेठने भर समुद्रात लोटून दिलेला श्रीपाळ राजा ज्या किनाऱ्याला लागला तो हाच, असे परंपरा सांगते. त्या कथेतील व्यापाऱ्यांची गलबते ज्या पाण्यातून येत असतील ते पाणी पाहायचे असेल, तर मात्र स्थानकाच्या पूर्वेला उतरावे लागते. तेथे कोपरी आहे.

एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला मुलुंडची हद्द, अशा चिंचोळ्या पट्ट्यात ही वस्ती सामावली आहे. चेंदणी कोळीवाड्यातील नारळी पौर्णिमा अजूनही थाटात साजरी होते. मीठबंदर हे नावच तेथल्या जुन्या व्यापाराची साक्ष देते. बारा बंगल्याच्या परिसरात सरकारी अधिकाऱ्यांची निवासस्थाने झाडांच्या सावलीत आहेत, आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी येथील बाजारपेठेला दिलेला गजबजाट सत्तर वर्षांनंतरही ओसरलेला नाही. बाजारातून पूर्वेला चालत गेले की दहा-पंधरा मिनिटांत गल्ल्या संपतात आणि कांदळवनाची हिरवी भिंत समोर येते. ओहोटीच्या वेळी चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतात. त्यापलीकडे खाडीचे पाणी, करड्या रंगाचे.

हा रंग पावसाळ्यात तांबडा होतो. पहिल्या मोठ्या सरीनंतर नाल्याच्या मुखाशी उभे राहणाऱ्याला तांबडा प्रवाह खाडीच्या करड्या पाण्यात शिरताना स्पष्ट दिसतो. पावसाचे पाणी गढूळ असायचेच, असे मानून आपण पुढे जातो. परंतु येऊरच्या रानातून वाहणारा ओढा पहिल्या लोंढ्यानंतर लवकर निवळतो. शहराचा नाला चार महिने निवळत नाही. त्याचे कारण पावसात नसून जमिनीत आहे.

ठाण्याची भूमी पश्चिमेकडे उंच आणि पूर्वेकडे सखल. येऊरच्या डोंगरावरून निघालेले पाणी पूर्वी तलावांत आणि शेतांत विसावत खाडीकडे जात असे. तलावांचे शहर ही ठाण्याची ओळख त्यातूनच बनली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि रुळांनी हा उतार आडवा छेदला. तेव्हापासून पाण्याला मोऱ्यांतून वाट काढावी लागते. शहर वाढले, 1982 मध्ये महानगरपालिका झाली. 2001 च्या जनगणनेत 12.6 लाख असलेली ठाणे शहराची लोकसंख्या 2011 मध्ये 18.4 लाखांवर गेली. एवढी माणसे सामावून घ्यायची तर इमारती हव्यात, इमारतींना पाया हवा आणि पायासाठी माती उपसावी लागते. कोपरीत आता मोकळी जमीन जवळपास उरलेली नाही. येथील बांधकाम म्हणजे पुनर्विकास. जुनी चार मजली इमारत पाडून तेथे टोलेजंग मनोरा उभा करायचा, तळाशी वाहनांसाठी तळघर खोदायचे. समूह विकास योजनेच्या पहिल्या टप्प्यासाठी ठाण्यातील जे भाग निवडले गेले, त्यांतही कोपरीचे नाव आहे.

खोदलेल्या मातीचे पाण्यात काय होते, हे थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. बारीक वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जाण्यास दोनेक मिनिटे घेतो. गाळाचा दहा मायक्रॉनचा कण तेवढ्याच अंतरासाठी सुमारे तीन तास घेतो. एक मायक्रॉनचा चिकणमातीचा कण मात्र जवळजवळ दोन आठवडे तरंगत राहतो. म्हणजे भूखंडाच्या कोपऱ्यात एक लहानसा खड्डा खणून त्यास गाळटाकी म्हटले, तर वाळू अडते, चिकणमाती निघून जाते. आणि पाण्याला तांबडे करणारी तीच असते. आता पाण्याचे प्रमाण पाहा. एक एकर भूखंडावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन लाख लिटर पाणी जमते, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. हे पाणी उघड्या मातीवरून, सिमेंटच्या गोण्यांवरून, मिक्सर धुतलेल्या जागेवरून आणि डंपरच्या तेलाच्या डागांवरून वाहत गटारात उतरते. सिमेंटमुळे ते अल्कधर्मी होते, तेलाचा तवंग वर येतो, आणि मातीच्या कणांना चिकटून जड धातूही प्रवास करतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोपरीतच महानगरपालिकेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, त्यामुळे गटारातले सगळे पाणी तेथे शुद्ध होऊन खाडीत जाते, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः त्या केंद्राकडे जाते ते घरांतील मलवाहिन्यांचे पाणी. रस्त्याकडेची पर्जन्यजलवाहिनी वेगळी. तिच्यात पडलेले जे काही असेल ते कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यात आणि नाल्यातून खाडीत पोहोचते. बांधकामाच्या कुंपणाशी असलेली जाळी हीच त्या वाटेवरची शेवटची चाळणी. पाणी गाळून घेण्याचा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना गाळण्याची योग्य जागा कोणती हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

खाडीचा स्वभावही ध्यानात घेतला पाहिजे. दिवसातून दोनदा भरती येते, तेव्हा नाल्यांची मुखे अडतात, प्रवाह थबकतो आणि गाळ तेथेच बसतो. ठाण्याची खाडी उत्तरेला एका अरुंद फाट्याने उल्हास नदीच्या खाडीशी जोडलेली आहे. कोपरी या अरुंद टोकाच्या जवळ असल्याने येथला गाळ सहजी समुद्रात धुऊन जात नाही. तिवराची झाडे चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांनी हवा घेतात. गाळाचा थर वाढला की तीच मुळे गाडली जातात. याच खाडीचा थोडा दक्षिणेकडील भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. दर्जा दक्षिणेला आणि गाळ उत्तरेकडून, असा हा मामला आहे. मध्ये कोणतेही कुंपण नाही.

मग कायदा काय करतो? कायदे आहेत, आणि कागदावर ते कमी नाहीत. 1974 चा जल प्रदूषण अधिनियम प्रवाहात प्रदूषक पदार्थ जाणीवपूर्वक सोडण्यास मनाई करतो. 2006 च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर व त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि बांधकामातील टाकाऊ पदार्थ जलप्रवाहात जाता कामा नयेत अशी अट त्या परवानगीत सामान्यतः असते. 2016 च्या राडारोडा नियमांनी तो आवारातच ठेवण्याची व गटारे अडू न देण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकली. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळ मोठ्या प्रकल्पांना संमती देताना अटींच्या पूर्ततेसाठी बँक हमी घेते.

तथापि कोपरीतील भूखंडांचे आकारमान पाहिले की या जाळ्याची छिद्रे दिसू लागतात. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर चार पट चटई क्षेत्र वापरले, तरी बांधीव क्षेत्र 20,000 च्या जवळपासही जात नाही. असे दहा भूखंड एकाच गल्लीत, एकाच पावसाळ्यात खोदले गेले तर त्यांचा एकत्रित गाळ एखाद्या मोठ्या संकुलाएवढा होतो, परंतु अधिसूचनेच्या दृष्टीने तेथे काहीच घडत नसते. मोठ्या प्रकल्पांची गोष्ट आणखी मौजेची आहे. त्यांनी अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबर रोजी सादर करायचा असतो. पावसाळा साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. पहिला अहवाल पाऊस येण्यापूर्वीचा, दुसरा गाळ वाहून गेल्यानंतरचा.

धुळीच्या बाबतीत यंत्रणा अधिक तत्पर दिसली, हे मान्य केले पाहिजे. 2023 च्या हिवाळ्यात हवा बिघडली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मुंबई महानगरपालिकेने उंच पत्रे, पाण्याचे फवारे आणि बाहेर पडणाऱ्या वाहनांची चाके धुण्याची सोय सक्तीची केली. चाके धुतलेले पाणी कोठे जाते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. तीच धूळ जूनमध्ये चिखल होते. हवेतील धूळ श्रीमंताच्या खिडकीतही शिरते. गटारातील चिखल कोळीवाड्याच्या धक्क्याशी जाऊन बसतो. नियमांच्या तत्परतेतील फरकाचे मूळ कदाचित येथेच असावे.

कल्याण-डोंबिवलीत हेच चित्र अधिक विस्ताराने दिसते. कल्याण-शीळ मार्गालगत टेकड्या कापून वसाहती उभ्या राहिल्या. वालधुनी नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराशेजारून वाहत कल्याणला येते. 26 जुलै 2005 च्या प्रलयात तिच्या काठच्या वस्त्या बुडाल्या. उल्हास नदीच्या पाण्यावर या साऱ्या शहरांची तहान मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध वनशक्ती संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि 2015 मध्ये लवादाने जबर दंड ठोठावला. तो वाद कारखान्यांच्या रसायनांचा आणि प्रक्रियाविरहित सांडपाण्याचा होता. मातीचा वादी अद्याप कोणी झालेला नाही. तिला दुर्गंधी नसते, हेही त्याचे एक कारण.

इतर देशांनी हा प्रश्न मातीच्याच पातळीवर हाताळला आहे. अमेरिकेने 1987 मध्ये आपल्या जलकायद्यात पावसाळी पाण्याचा समावेश केला. आरंभी पाच एकरांवरील बांधकामांना परवाना सक्तीचा होता. 2003 पासून ती मर्यादा एक एकरावर आली. मोजमाप जमिनीचे, चटई क्षेत्राचे नव्हे, हा त्यातील महत्त्वाचा भाग. सिंगापूरचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे, कारण पाऊस तेथेही मुसळधार. तेथे बांधकामावरून सार्वजनिक गटारात सोडलेल्या पाण्यात लिटरमागे 50 मिलिग्रॅमपेक्षा अधिक तरंगते कण असता कामा नयेत. मोठ्या जागांवर निचऱ्याच्या मुखाशी कॅमेरा लावलेला असतो.

आपल्याकडे गाळाचा हिशेब वेगळ्या खात्यात लिहिला जातो. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये नालेसफाईची कंत्राटे निघतात. काढलेला गाळ काठावर रचला जातो, आणि उचलण्यास उशीर झाला तर पहिल्या पावसात पुन्हा आत उतरतो. ज्याने माती उघडी टाकली त्याच्या प्रकल्पखर्चात ही रक्कम कोठेही दिसत नाही. ती करदात्याच्या नावे पडते, आणि त्यात त्याच गल्लीतील दुकानदार असतो, ज्याच्या वखारीत तुंबलेल्या नाल्याचे पाणी शिरलेले असते. नफा एका खतावणीत आणि तोटा दुसऱ्याच्या, असा ताळेबंद कोणत्याही पेढीवर मान्य झाला नसता.

कायद्याची मर्यादा खाली येईल तेव्हा येईल. कोपरीतील गृहनिर्माण संस्थांच्या हाती तोवर विकासकाशी होणारा करारनामा आहे. सभासदांच्या जागेचे चौरस फूट, भाडे, कॉर्पस आणि वाहनतळ यांवर महिनोन्‌महिने घासाघीस होते. तेथे आणखी चार ओळी सहज मावतात. पायाखोदाई दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर उरकावी. उपसलेली माती ताडपत्रीखाली, गटारापासून दूर असावी. तळघरातून उपसलेले पाणी लागोपाठच्या दोन-तीन टाक्यांतून निवळल्यावरच सोडावे, आणि चिकणमाती बसण्यासाठी त्यात तुरटी वापरावी, जशी गावाकडे हंड्यात फिरवत असत. चाके धुण्याची जागा त्याच टाक्यांना जोडलेली असावी. वास्तुविशारदाच्या टप्प्याटप्प्याच्या दाखल्यात या टाक्यांचा उल्लेख नसेल, तर त्या टप्प्याचे पैसे रोखता येतात. प्रकल्पकर्ज देणाऱ्या बँकेलाही हाच दाखला मागता येईल. मुलुंड, डोंबिवली, कल्याण येथे ज्यांची गुंतवणूक बांधकामात आहे, अशा अनेक व्यापारी कुटुंबांना करारनाम्याच्या दोन्ही बाजूंना बसण्याचा अनुभव आहे.

चेंदणीच्या धक्क्यावर मे महिन्याच्या शेवटच्या ओहोटीला गेले, तर नाल्याच्या मुखाशी गेल्या वर्षीच्या गाळाचा पंखा पसरलेला दिसतो. कडेला तडे गेलेले, मध्ये ओलसर. त्यावर खेकड्यांची बिळे आणि एखाद-दुसरा बगळा. मागे गल्लीत नव्या पायाची खोदाई चालू असते.